निवृत्तीची पुंजी आणि सोनं: घेण्याआधी विकणं ठरवा

निवृत्तीचे पैसे हातात आले की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते, आणि त्यात सोन्याचा सल्ला हमखास असतो. मीही तो ऐकला आणि पुंजीचा काही भाग सोन्या-चांदीत गुंतवला. त्या वेळी काय घ्यायचं हे सांगणारे पुष्कळ होते. घेतलेलं दहा वर्षांनी कुणाला, कसं आणि किती तूट सोसून विकायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. निवृत्त माणसाला खरी गरज त्याचीच असते. पगार थांबलेला असतो आणि आज ना उद्या ही पुंजी मोडूनच खायची असते. म्हणून हा लेख मी विक्रीच्या टोकाकडून लिहिते आहे. तुम्ही पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर पायऱ्या याच क्रमाने घ्या.

1. आधी महिन्याचा खर्च बाजूला काढा

सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही, भाडंही देत नाही. तिजोरीतलं शंभर ग्रॅम सोनं वीस वर्षांनीही शंभर ग्रॅमच असतं. दरम्यान त्याचा भाव कुठे गेला, एवढाच प्रश्न. त्यामुळे सोन्याकडे वळण्याआधी कागद घ्या आणि तीन आकडे लिहा: महिन्याला घर चालवायला लागणारी रक्कम, पेन्शन किंवा व्याजातून दरमहा नक्की येणारी रक्कम, आणि या दोन्हींतली तफावत.

ही तफावत निदान पाच वर्षं भरून निघेल एवढे पैसे मुदत ठेव, सरकारी रोखे अशा ठिकाणी, हात घातला की मिळतील असे ठेवा. त्याखेरीज आजारपणासाठी वेगळी रक्कम हवी. हे झाल्यावर जे उरेल, त्यातूनच सोन्याचा विचार करायचा.

हे पैसे आधी वेगळे का काढायचे, ते जुन्या भावांवरून कळतं. 1971 मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोनं यांची सांगड तोडली. तोवर औंसाला (म्हणजे सुमारे 31 ग्रॅमला) 35 डॉलर हा सरकारी दर होता. पुढे भाव भडकत गेला आणि जानेवारी 1980 मध्ये लंडनच्या बाजारात तो 850 डॉलरला पोचला. त्या महिन्यात कुणी निवृत्तीची सगळी पुंजी सोन्यात घातली असेल, तर 1999 च्या उन्हाळ्यात त्याच सोन्याला औंसामागे साधारण 252 डॉलर मिळत होते. म्हणजे सत्तर टक्के घट, आणि तीही एकोणीस वर्षांत झालेली महागाई न धरता. 850 चा आकडा पुन्हा दिसायला 2008 साल उजाडलं. चाळिशीतला माणूस एवढी वाट पाहू शकतो. साठीतल्या माणसाला त्या अठ्ठावीस वर्षांत औषधं, घरदुरुस्ती, नातवंडांची शिक्षणं यासाठी मधेच विकावं लागलं असतं, तेही पडत्या भावात.

2. वाटा ठरवा आणि लिहून ठेवा

पुंजीच्या 5 ते 10 टक्के वाटा मला योग्य वाटतो. पंधराच्या पुढे मी स्वतः गेले नाही आणि तुम्हीही जाऊ नका, असं मनापासून सांगेन. हिशोब साधा आहे. सोनं 10 टक्के असेल आणि भाव निम्म्यावर आला, तर एकूण पुंजी पाच टक्क्यांनी घटते. ते सोसता येतं. सोनं 40 टक्के असेल, तर त्याच पडझडीत पुंजीचा पाचवा हिस्सा जातो आणि मग महिन्याच्या खर्चालाच कात्री लागते.

सप्टेंबर 2011 मध्ये सोनं औंसाला 1,900 डॉलरच्या जवळ होतं आणि डिसेंबर 2015 मध्ये 1,050 च्या आसपास. चार वर्षांत जवळपास 45 टक्के घसरण! तेव्हा "भाव निम्म्यावर" ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही.

मग सोनं घ्यायचंच कशाला? शेअर, रोखे आणि चलन ही तिन्ही एकाच वेळी अडचणीत येतात असे काळ असतात, आणि तेव्हा सोनं बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर कोसळत नाही. शिवाय ते कुणाच्या वचनावर उभं नसतं. बँक बुडाली, कंपनी बुडाली, तरी तुमच्या हातातलं नाणं नाणंच राहतं. या आधारासाठी ते ठेवायचं. श्रीमंत होण्यासाठी घेतलं, तर भाव वाढल्यावर आणखी घ्यावंसं वाटतं आणि पडल्यावर घाबरून विकलं जातं.

ठरवलेला वाटा वहीत तारीख घालून लिहा. वाटा ठरवतानाचं तुमचं डोकं भाव गगनाला भिडल्यावरच्या डोक्यापेक्षा शांत असतं.

3. कोणता धातू?

सोन्याचा मोठा भाग दागिने, गुंतवणूक आणि देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांकडे जातो, कारखान्यांत थोडाच. चांदी, प्लॅटिनम आणि पॅलेडियम या बाकीच्या तीन धातूंचं तसं नाही.

चांदीच्या मागणीतला निम्म्याहून अधिक भाग उद्योगांचा आहे: सौर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स, विजेची जोडणी. त्यामुळे मंदी आली की चांदी सोन्यापेक्षा जोरात आपटते. जानेवारी 1980 मध्ये ती औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेली आणि मार्चअखेर 11 च्या आसपास आली. दोन महिन्यांत! चांदीची दुसरी अडचण जागेची. एक किलो सोनं जेमतेम 52 घन सेंटिमीटर जागा घेतं, एक किलो चांदी 95. त्यात किमतीतलं अंतर एवढं, की तेवढ्याच पैशांच्या चांदीला कितीतरी मोठा कप्पा लागतो. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते ते वेगळंच.

प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांचं भवितव्य मोटारींच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेशी बांधलेलं आहे, आणि पुरवठा प्रामुख्याने दक्षिण आफ्रिका व रशिया या दोन देशांतून होतो. मार्च 2008 मध्ये 2,200 डॉलरच्या वर असलेलं प्लॅटिनम त्याच ऑक्टोबरात 800 च्या खाली होतं. पॅलेडियम मार्च 2022 मध्ये 3,000 च्या वर गेलं आणि दोन वर्षांच्या आत 1,000 च्या खाली उतरलं. निवृत्तीच्या पैशाला हे हेलकावे झेपत नाहीत. माझ्या मते धातूंसाठी काढलेल्या रकमेतला तीन-चतुर्थांश भाग तरी सोन्यात असावा, हवी तर थोडी चांदी, आणि बाकीचे दोन सोडून द्यावेत.

4. कोणत्या रूपात घ्यायचं?

माझं नुकसान या पायरीवर झालं, म्हणून इथे जरा थांबते.

मुख्य रूपं चार: दागिने, बिस्किटं व नाणी, सोन्यावर आधारित, शेअरबाजारात घेता-विकता येणारे फंड म्हणजे ईटीएफ, आणि कुणाकडे तरी खात्यात ठेवलेलं सोनं. दागिना गुंतवणूक म्हणून घेऊ नका. घडणावळीचे पैसे विकताना परत येत नाहीत, खडे बसवलेले असतील तर त्यांचं वजन वजा होतं, आणि अंगावरचा दागिना मोडताना जीव तुटतो तो वेगळा. हौसेने घेतलेले दागिने असतीलच, पण त्यांना पुंजीच्या हिशोबात धरू नका.

बिस्किटं घेताना मी शंभर ग्रॅमचं एकच घेतलं, कारण मोठ्या वजनाला ग्रॅममागे पैसे कमी पडतात. ते खरंही आहे. तीन वर्षांनी घराच्या छताचं काम निघालं. खर्च त्या बिस्किटाच्या किमतीच्या पाव भागाएवढा होता, पण बिस्किटाचा पाव भाग कापून विकता येत नाही. अख्खं विकावं लागलं, सगळ्या नफ्यावरचा कर एकाच वर्षी आला आणि उरलेल्या पैशांचं पुन्हा सोनं घेताना खरेदीचा जादा दर (बाजारभावावर विक्रेता लावतो तो) परत भरावा लागला. आता माझ्याकडे पाच आणि दहा ग्रॅमचे तुकडे जास्त आहेत, एक औंसाची नाणी थोडी. अगदी एक-दोन ग्रॅमचे तुकडे मात्र टाळा. त्यांवरचा जादा दर फार असतो.

त्याच बिस्किटाची आणखी एक गोष्ट. ते प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात होतं. एका बाजूला धातू, शेजारी वजन, शुद्धता, अनुक्रमांक आणि तपासनिसाची सही. घरी आणल्यावर सोनं हातात धरून पाहावं असं वाटलं आणि मी कात्रीने पाकिटाची कड कापली. सोनं तेच, क्रमांक तोच. पण विकायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, पाकीट उजेडात धरलं आणि तपासणीचे पैसे व वर थोडी तूट लावली. पाकीट शाबूत असतं तर क्रमांक जुळवून दोन मिनिटांत व्यवहार झाला असता. पाकीट उघडू नका. नाण्यांना पॉलिश लावू नका, घासू नका. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत चांदीची नाणी ठेवू नका, कालांतराने त्यांवर हिरवट चिकट थर धरतो.

नाण्यांत ओळखीची नाणी घ्या. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड (1967 पासून), कॅनडाचं मेपल लीफ (1979 पासून), अमेरिकेचं ईगल (1986 पासून), ब्रिटनचं ब्रिटानिया (1987 पासून), ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक (1989 पासून). जगात कुठेही व्यापारी ती ओळखतो. "मर्यादित आवृत्ती", "संग्राह्य", "स्मृतिनाणं" असे शब्द ऐकले की मागे फिरा. त्या नाण्यांत धातूच्या किमतीवर तीस-चाळीस टक्केही जास्त मोजून घेतले जातात आणि विकताना बहुतेक ठिकाणी धातूचाच भाव मिळतो. मला फोनवर अशीच नाणी विकली गेली होती. "निवृत्तांसाठी खास" असं म्हणत विक्रेत्याने अर्धा तास गोड बोलून होकार मिळवला. त्या पैशांतली सुमारे एक-तृतीयांश रक्कम मला परत मिळाली नाही.

फंडाचा मार्ग निवृत्त माणसाला बऱ्याच दृष्टींनी सोयीचा आहे. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आलेला एसपीडीआर गोल्ड शेअर्स हा यातला सर्वांत मोठा, त्याचा वार्षिक खर्च 0.40 टक्के. असे फंड आता अनेक देशांत आहेत. हवं तेवढंच, अगदी थोडंही विकता येतं, चोरीची भीती नाही, भाव लपत नाही. उणीव एवढीच, की मधे फंड कंपनी, विश्वस्त, दलाल अशी साखळी असते, आणि सोनं ज्या आधारासाठी घेतलं तो आधार थोडा पातळ होतो. माझी वाटणी अशी: दोन भाग फंडात, एक भाग हातात. मधेच पैसे लागले तर फंडातून काढते, नाण्यांना हात लावत नाही. फंडाची माहितीपत्रिका वाचताना एकच ओळ शोधा: फंड प्रत्यक्ष धातू ठेवतो की नुसते वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला घेण्या-देण्याचे करार. खाणकंपन्यांचे शेअर घेणारे "सोन्याचे" फंडही असतात. ते शेअरच आहेत, त्यांना सोनं समजू नका.

खात्यात ठेवलेल्या सोन्याचे दोन प्रकार. अॅलोकेटेड म्हणजे ठरावीक क्रमांकाची बिस्किटं तुमच्या मालकीची म्हणून वेगळी ठेवलेली. अनॅलोकेटेड म्हणजे संस्था तुम्हाला तेवढं सोनं देणं लागते, इतकंच. संस्था बुडाली तर दुसऱ्या प्रकारात तुम्ही इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहता. करारात हा शब्द कोणता आहे, ते बोट ठेवून वाचा.

5. वजन, कस आणि भाव वाचायला शिका

धातूंच्या बाजारातला औंस म्हणजे ट्रॉय औंस, 31.1035 ग्रॅम. किराणा मालाचा औंस 28.35 ग्रॅमचा असतो. विक्रेता "औंस" म्हणाला की कोणता ते विचारा, कारण फरक जवळपास नऊ टक्क्यांचा पडतो. एक तोळा 11.66 ग्रॅमचा, पण बोलीत बरेच जण दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणून पावतीवर ग्रॅमच लिहून घ्या.

शुद्धता हजारात मोजतात. 999.9 म्हणजे चार नऊ, 995 हा मोठ्या लगडींचा किमान कस, 916 म्हणजे बावीस कॅरेट. क्रुगररँड आणि ईगल ही बावीस कॅरेटची नाणी आहेत, पण त्यांत शुद्ध सोनं पूर्ण एक औंसच असतं. मिश्रणामुळे क्रुगररँडचं एकूण वजन 33.93 ग्रॅम भरतं. हे ठाऊक नसलं तर बावीस कॅरेट ऐकून उगाच शंका येते.

जगाचा संदर्भ भाव लंडनमध्ये दिवसातून दोनदा, सकाळी साडेदहा आणि दुपारी तीनला ठरतो. तुम्ही घेता तो भाव याहून थोडा वर, विकता तो थोडा खाली. समजा बाजारभाव 100 आहे, तुम्ही 104 ला घेतलं आणि आज विकलं तर 98 मिळतात. मग नुसती बरोबरी व्हायलाच भाव सहा टक्क्यांहून अधिक वाढायला हवा. म्हणून दुकानात पाऊल टाकताच दोन प्रश्न एकदम विचारा: "हे आत्ता घेतलं तर कितीला? आणि हेच मी आत्ता तुम्हाला विकलं तर कितीला?" दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तर तिथून घेऊ नका. निदान तीन ठिकाणी एकाच दिवशी विचारा. या एका प्रश्नाने माझे जितके पैसे वाचले, तितके भावाचा अंदाज बांधून कधीच वाचले नाहीत.

6. घरच्या घरी एक तपासणी

पाकिटात नसलेलं नाणं घेतलं असेल, तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आणा. समजा एक औंसाचं मेपल लीफ आहे. काट्यावर ते 31.10 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. व्यास 30 मिलिमीटर, जाडी साधारण 2.87.

आता काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असं हाताने धरून पाण्यात सोडा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. काट्यावर जो आकडा येतो, तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. शुद्ध सोन्याची घनता 19.3, म्हणून 31.1 भागिले 19.3, आकडा 1.61 च्या जवळपास दिसला पाहिजे. शुद्ध चांदीचं एक औंसाचं नाणं असेल तर 2.96. शुद्ध सोन्याचं म्हणून दिलेल्या एक औंसाच्या नाण्याचा आकडा 1.9 किंवा 2.5 आला, तर आत दुसरा धातू आहे (क्रुगररँड, ईगल अशा बावीस कॅरेटच्या नाण्यांना हे आकडे लागू नाहीत).

या चाचणीला एक छिद्र आहे. टंगस्टन या धातूची घनता 19.25, सोन्याला जवळजवळ चिकटलेली. टंगस्टनवर सोन्याचा जाड थर दिलेली बनावट बिस्किटं पाण्याच्या चाचणीत उत्तीर्ण होतात, आणि लोहचुंबकालाही चिकटत नाहीत. ती पकडायला ध्वनिलहरी किंवा विद्युतवहन मोजणारं यंत्र लागतं, जे चांगल्या व्यापाऱ्याकडे असतं. म्हणून मोठी बिस्किटं नामांकित टाकसाळीची आणि बंद पाकिटातलीच घ्या, ओळखीतून स्वस्तात मिळणारी घेऊ नका.

7. कागदपत्रं जमवा

खरेदीला जाण्याआधी:

- ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि तुमच्या देशातला कर क्रमांक
- पैसे जिथून जाणार त्या बँक खात्याचा तपशील (रोखीने घेऊ नका, पैशाचा माग कागदावर राहू द्या)
- निवृत्तीची रक्कम मिळाल्याचं पत्र, म्हणजे उद्या कुणी पैसा कुठून आला विचारलं तर उत्तर हाताशी असेल
- फंड घ्यायचा असेल तर डीमॅट किंवा गुंतवणूक खातं, नामनिर्देशनासह

खरेदीनंतर जपून ठेवायचं: पावती (त्यावर तारीख, वजन, कस, अनुक्रमांक आणि ग्रॅमचा दर हवा), तपासणीचं प्रमाणपत्र, साठवणुकीचा करार, विम्याची पॉलिसी. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. छापील पावतीची शाई पाच-सात वर्षांत उडते. माझ्या दोन पावत्या कोऱ्या कागदासारख्या झाल्या होत्या आणि खरेदीची किंमत सिद्ध करायला बँकेचे जुने उतारे काढावे लागले.

8. कर आणि निवृत्ती खात्याचे नियम आधी, खरेदी नंतर

या बाबतीत देश बदलला की सगळं बदलतं, त्यामुळे खरेदीच्या आधी कर सल्लागाराला फी देऊन अर्धा तास बसा. किती फरक पडतो ते पाहा. ब्रिटनमध्ये तिथल्या रहिवाशांना सॉव्हरिन आणि ब्रिटानिया या नाण्यांवरच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही, बिस्किटांवर लागू शकतो. युरोपीय संघात गुंतवणुकीचं सोनं मूल्यवर्धित करातून मुक्त आहे, चांदी नाही. भारतात 23 जुलै 2024 पासून प्रत्यक्ष सोनं 24 महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर बसू लागला आणि महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय गेली. अमेरिकेत प्रत्यक्ष धातू संग्राह्य वस्तूंत मोडतो आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

अमेरिकेत आयआरए या निवृत्ती खात्यातच धातू ठेवता येतो, पण सोन्याचा कस किमान 995 हवा (ईगल नाण्यांना सूट आहे) आणि धातू मान्यताप्राप्त संस्थेच्या ताब्यात हवा. "तुमच्या खात्यातलं सोनं घरच्या तिजोरीत ठेवा" अशी जाहिरात करणारे तिथे होते. 2021 मध्ये तिथल्या कर न्यायालयाने, आयआरएमधली नाणी घरी ठेवणं म्हणजे पैसे काढून घेणंच, असा निकाल दिला आणि त्या रकमेवर कर लागला. जुन्या नोकरीच्या निवृत्ती योजनेतून पैसे हलवताना ते थेट संस्थेकडून संस्थेकडे जाऊ द्या. स्वतःच्या हातात घेतले तर 20 टक्के कर आधीच कापला जातो आणि 60 दिवसांत पूर्ण रक्कम, कापलेल्या भागासह, नव्या खात्यात भरावी लागते.

तुमचा देश कोणताही असो, निवृत्ती खातं मोडून धातू घेण्याचा सल्ला धातू विकणाराच देत असेल, तर तो सल्ला म्हणून धरू नका.

9. एकदम घेऊ नका

ठरवलेली रक्कम बारा किंवा अठरा समान हप्त्यांत विभागा आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला घ्या. 1980 च्या जानेवारीत सगळं घेणाऱ्याचं जे झालं, ते यातून बऱ्याच अंशी टळतं. उधारीवर किंवा मार्जिनवर (थोडे पैसे भरून बाकी दलालाच्या उसन्या पैशांवर) कधीही घेऊ नका.

10. ठेवायचं कुठे?

घरी ठेवणं मला मान्य नाही. चोरी हे एक कारण, आणि वयाबरोबर आपण कुठे काय ठेवलं ते विसरतो, हे दुसरं. बँकेचा लॉकर घेतलात तर एक गैरसमज काढून टाका: आतल्या वस्तूंचा विमा बँकेने केलेला असतोच असं नाही. करार वाचा आणि गरज पडल्यास स्वतंत्र विमा घ्या. घरविम्यातही सोन्याला बहुतेक वेळा मर्यादा असते.

खासगी साठवणगृहाचं भाडं वर्षाला धातूच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याएवढं धरलं, तरी वीस वर्षांत साधारण साडेनऊ टक्के सोनं भाड्यात जातं. हा खर्च पहिल्याच दिवशी हिशोबात धरा.

11. वर्षातून एकदा बघा, एकदा विका

वर्षातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी सोन्याची एकूण किंमत काढा आणि वहीतल्या वाट्याशी ताडून पाहा. 10 टक्के ठरवले होते आणि भाव वाढून 14 झाले, तर वरचे चार विकून मुदत ठेवीत घाला. 7 वर आले आणि खर्चाचे पैसे शाबूत असतील, तर थोडं घ्या. रोज भाव बघण्याची सवय लावून घेऊ नका, झोप जाते.

आणि पहिल्या वर्षातच एक छोटं नाणं खरोखर विकून पाहा. कोण घेतं, किती कापतं, पैसे किती दिवसांत खात्यात येतात, कोणते कागद मागतात, हे सगळं गरज नसताना कळलेलं बरं. रुग्णालयाचं बिल समोर असताना ते शिकायला वेळ नसतो.

12. घरच्यांना सांगा

माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला पतीच्या निधनानंतर आठ महिन्यांनी कपाटात एक किल्ली सापडली. ती कुठल्या बँकेची, हे कळायला आणखी चार महिने गेले. लॉकर एकट्याच्या नावावर होता आणि नामनिर्देशन केलेलं नव्हतं. आत जे होतं ते तिला शेवटी मिळालं, पण वकील, दाखले आणि खेपा यांत वर्ष गेलं.

एका कागदावर लिहा: काय आहे, किती ग्रॅम, क्रमांक कोणते, कुठे आहे, किल्ली कुठे, पावत्या कुठे, विकायचं तर कुणाकडे जायचं आणि त्या दिवशीचा बाजारभाव कुठे बघायचा. लॉकर दोघांच्या नावावर करा, फंडाला नामनिर्देशन जोडा, मृत्युपत्रात धातूचा स्वतंत्र उल्लेख करा. मग ज्याला हे मिळणार आहे त्याला एकदा बरोबर घेऊन जा, लॉकर उघडा, पाकिटावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक त्याच्याकडून वाचून घ्या. मी मुलीला नेलं तेव्हा एका क्रमांकात तिला चूक सापडली. मी 3 च्या जागी 8 लिहिला होता. तिथेच उभं राहून तो दुरुस्त केला, खाली तारीख घातली आणि दोघींनी सह्या केल्या.